मशीन देऊ नकोस

चिमे,

मी कामावर निघालो, डबा घेतलाय. शिलाई मशीन न्यायला तो माणूस आला, तर त्याला चहा पाजून परत पाठव. काल मीच हो म्हणालो होतो, पण आता देववत नाही.

पलंगावरची चादर माझ्या बाजूला पार विरली. तुझी आई दर धुण्यानंतर ती फिरवून अंथरायची, हे मला कुठे ठाऊक होतं? विरलेल्या भागाची फडकी केली, ती ओट्याखाली आहेत. उरलेल्या चादरीची कापलेली कड दुमडून मशीनवर शिवली. शिवण वाकडी आलीय. ती असती तर म्हणाली असती, "आधी उसवा ते!" तू उसवू नकोस.

तिची बाजू अजून चांगली आहे. मला एकट्याला पुरते.

बाबा