लाभाचा दाणा

भीमपूर,
ता. ९ मार्च १९८३

चिरंजीव सुधाकरास आईचे आशीर्वाद.

सगळ्यात पहिले कोण आलं असन? पाहुणे नाही, शेजारची वच्छलाबाई! साखर मागाले आली अन् पाट धरून बसली. मनीले पाहाणारे तिच्या मागून आले. पोरगा, खुशाल नावाचा, अन् त्याचे मामा, इचोड्याचे अमृतराव गुरुजी. पोरगा हसरा आहे. तू निर्मलहून आणलेला लाकडी पोपट त्यानं तीनदा हातात घेतला. पोह्यात मीठ जास्त झालं, पण कोणी बोललं नाही.

गुरुजी म्हणाले, "लग्न याच वैशाखात करू. मग कॉलेज काऊन पायजे?" तुझ्या पोरीचं बी.एस्सी.चं एकच वर्ष राह्यलं. तिचं तोंड उतरलं. मग शर्त लागली. कोणी लावली ते मागून सांगीन. गुरुजीनं गणित घालायचं. बरोबर आलं तर पहिले बी.एस्सी., मग अक्षता. चुकलं तर पुस्तकं बंद.

गुरुजीनं एक ते नऊ आकडे उलटेपालटे करून पाटीवर मांडले: ५८३९१४६२७. एवढा लांब आकडा मी जन्मात पाह्यला नाही, बापा! "भागाकार न करता सांग, नवानं भाग जाते का?"

खडू खाली ठेवाच्या आंदीच मनी म्हणे, "जाते. काही उरत नाही."

"पाठ केलं असन," वच्छलाबाई म्हणे.

"नाही मावशी. दहातून नऊ काढले तर एक उरते, शंभरातून नव्व्याण्णव काढले तरी एकच. म्हणून आकड्यांची नुसती बेरीज पाहाची. इथं पंचेचाळीस. हेच आकडे कसेही मांडा, नवाले सुटत नाहीत."

गुरुजी म्हणे, "दाण्यात दाखवा."

मी सुपात जवारी आणली. लाभ, दोन, तीन, चार... असे आकड्याआकड्याचे दाणे मोजले अन् नवानवाच्या ढिगल्या केल्या. चार ढिगल्या झाल्या अन् उरले आठ! गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "चुकली!" खुशाल बिचारा दुपट्ट्याखाली बोटं मोजत होता.

मनीनं सुपात पाह्यलं, मंग माझ्याकडे. "आजी, लाभाचा दाणा कुठाय?"

अरे देवा! रास मोजताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाचं अन् ते पहिलं माप देवाचं, ही आपली रीत. हातानं आपोआप पहिला दाणा देव्हाऱ्यात ठेवला होता! गुरुजी स्वता उठले, देवाले हात जोडून तो दाणा आणला अन् आठात टाकला. पाची ढिगल्या पुऱ्या. "देवालेही हिशेबात धरलं पोरीनं," म्हणून हसत सुटले. खुशाल म्हणे, "मामा, वर्षभर थांबू न आपण."

आता सांगतो. शर्त मीच लावली. 'आई, तू गप राह्यजो, सगळ्याले हो म्हणजो' असं तू लिवलं होतं. मी गप राह्यली नाही. माझी पाटी दुसरीत फुटली, शाळा सुटली, तवा कोणीच बोललं नव्हतं, सुधाकर. रागावशील तर इथं येऊन रागाव.

तुझं न ऐकणारी,
तुझी आई

ता.क. गुढीपाड्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाहुणे बोलणी पक्की कराले परत येतो म्हणाले. 'हो' तुझ्याच तोंडून पायजे. तू पाड्यालेच ये.