न्हाणीतला दगड

पुणे, ९ मार्च १९६८

तीर्थरूप आबांच्या पायांवर गेनूचं डोकं.

माझा खोकला गेला, जेवणबी बरं मिळतं. ह्या वेळी कार्ड न टाकता पाकीट धाडलंय. वैनीकडूनच वाचून घ्या, मास्तरांकडं नेऊ नका.

मी शिपाई हाय त्या संस्थेत दोन प्रोफेसर आपल्या गावावरल्या गडापायी महिनाभर भांडत्यात. एक म्हणतो गड हजार वर्षांचा, दुसरा म्हणतो तीनशेचा. गडावर दोघंबी एकदाच गेले, तेबी डबा खाण्यापुरते. पुरावा म्हणून ज्या भिंतीचा फोटू दोघांनी छापलाय, ती तुमी दोन सालामागं शेरडांसाठी रचलेली. मी चहा देतो. शिपायाला कोण विचारतंय?

काल मातुर दोघांचं जमलं. कोरीव अक्षरांचा एक दगड घावता तर वाद मिटला असता, पन गावकऱ्यांनी गड उचलून घरी नेला, त्यांच्यावर खटले भरा म्हणाले. मी कपबश्या तशाच ठेवून हे पाकीट आणाया गेलो.

आपल्या न्हाणीतला गडावरचा दगड हाय ना अजून? आई त्यावर टाचा घासते. अक्षरं किती उरलीत?

पुढल्या सोमवारी दोघं वेल्ह्याच्या एस्टीनं येत्यात, आपल्याच घरी टेकतील. दगड हलवू नका. रीतीपरमानं पाय धुवायला पाणी द्या, त्याच दगडावर उभं करून. खाली बघायची त्यास्नी सवय न्हाई.

तुमचा,
गेनू