मिसेस ट्रॅन्टर यांच्या पेन्सिलच्या खुणा

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अकरावा खंड संपला! अकरा दिवसांत अकरा. अंगठा सुजलाय, टेबलभर खोडरबराचा चुरा, कोपरापर्यंत हात काळे. पण पानं बघावीत – कोरी करकरीत.

ट्रॅन्टर नावाच्या कुणा गृहस्थांनी दिलेली ही पेटी. एकाच लेखकाच्या चार कादंबऱ्या, प्रत्येकी तीन खंड, दीडशे वर्षांपूर्वीच्या राणीच्या काळातल्या. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात असल्या कादंबऱ्यांचा संग्रह करताहेत, त्यातली माणसं बोलतात कशी हे अभ्यासायला. पानं स्कॅन होतात, मग यंत्र अवतरणचिन्हं शोधून बोलणं तेवढं वेगळं काढतं. मध्ये पेन्सिलची एक रेघ आली की यंत्र गडबडतं. म्हणून आधी पुसायचं. ते माझं काम.

या पुस्तकांत तर कहर होता. समासभर बारीक वळणं, आकडे, ठिपके, पानामागून पान. फोनवर बोलताना आपण कागदावर काहीतरी गिरवतो ना, तसं. कुणाचे हे उद्योग? वेळ जात नव्हता वाटतं!

जाता जाता फेनेला पाइक डोकावल्या. या आमच्या विभागप्रमुख, कौतुक म्हणून कधी तोंडातून निघत नाही. म्हणाल्या, "ब्रायनी, इतकं चोख काम मी पाहिलं नाही. नवीन येणाऱ्यांना हीच पानं दाखवणार मी." घरी येताना बसमध्ये उगीच हसत होते.

बारावा खंड सोमवारी.

सोमवार, ३ मार्च

फोन आला. म्हातारा आवाज, इकडच्याच कारखान्यांतल्या माणसांसारखा जाडाभरडा.

"मी विल्फ्रेड ट्रॅन्टर. त्या पुस्तकांचा मालक – म्हणजे होतो. माझ्या एडनाच्या पेन्सिलच्या खुणा नीट आहेत ना?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं. मग म्हणाले, बुधवारी येतो, मला दिसत नाही, कुणी थोडं वाचून दाखवेल का? त्यालाही मी हो म्हटलं!

फोन ठेवून फाइल काढली. आत त्यांचं पत्र. भाचीने लिहिलेलं, खाली त्यांची वाकडीतिकडी सही. "छापलेली पुस्तकं तुम्हाला कुठेही मिळतील. माझे डोळे चोविसाव्या वर्षी कुलपांच्या कारखान्यात गेले. पुढे चाळीस वर्षं बायकोने मला ही पुस्तकं वाचून दाखवली. कोणी कसं बोलायचं त्याच्या खुणा ती समासात करायची. त्या जपाव्यात, एवढी एकच अट."

पत्राला चिठ्ठी टाचलेली – 'पत्र वाचले'. खाली माझी सही.

वाचलंच नव्हतं. शुक्रवारची दुपार, चार पेट्या एकदम आल्या होत्या, चारही चिठ्ठ्यांवर सह्या ठोकल्या आणि चहाला गेले.

मंगळवार, ४ मार्च

पानं खिडकीशी तिरकी धरून पाहिली. पेन्सिल मऊ होती, काही उमटून राहिलेलं नाही. अगदी काही नाही. बारावा खंड कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

बुधवार, ५ मार्च

आले. ठेंगणे, कोट इस्त्रीचा, बूट लखलखीत. भाची मॉरीन सोबत होती, ती त्यांना बसवून बाजारात गेली.

"एडना त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती," ते म्हणाले. "संध्याकाळचा चहा झाला की पुस्तक काढायची. त्याआधी दुपारभर पेन्सिल चालू असायची तिची, मला आवाज यायचा. काय करतेस गं, म्हटलं की म्हणायची – खुणा करतेय, पाद्री नाकात बोलतो, मोलकरीण फाडफाड बोलते, लक्षात राहायला नको? तू त्या खुणा बघून वाच, पोरी."

मी कोऱ्या समासाकडे बघत वाचू लागले. पाद्री नाकात. टिली नावाची मोलकरीण फाडफाड. पाद्री टिलीला चिखलावरून झापतो आणि ती म्हणते, "क्षमा असावी महाराज, पुन्हा असं होणार नाही."

"थांब, थांब," ते हसले. "काहीतरी गाळलंस तू. टिली क्षमा मागते होय? ती म्हणते – चिखल तुमच्याच बुटांचा आहे, पाद्रीबाबा. ओळखीचा दिसला म्हणून ठेवून घेतला!"

मला हसू फुटलं. पण पानावर तसलं काहीच नव्हतं. मी दोनदा बघितलं. म्हटलं, "इथे तर क्षमाच छापलीय, मिस्टर ट्रॅन्टर."

"असं?" त्यांचा चेहरा जरा उतरला. "मग पुढच्या खेपेला म्हणत असेल."

चाळीस वर्षांत आठवणी एकात एक मिसळणारच. मी पुढे वाचत राहिले. खुणांबद्दल बोलायचं होतं, जीभ उचलली नाही. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तिची अक्षरं कुणीतरी बघतंय, बरं वाटलं." घरी येऊन जेवले नाही.

गुरुवार, ६ मार्च

फेनेलांना सांगितलं सगळं. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"चूक झाली. वाईट झाली. पण त्यांना दिसत नाही, ब्रायनी. एक्याऐंशी वर्षांचा माणूस. सांगून कुणाचं भलं होणार आहे? तुझं मन हलकं होईल, इतकंच."

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. वाटायला नको होतं.

बुधवार, १२ मार्च

आज दुसरी कादंबरी. जमीनदार नायिकेला, ॲराबेलाला, मागणी घालतो. तिचं उत्तर छापलंय – "आपली इच्छा मला शिरसावंद्य आहे."

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "नाही, नाही! ती त्याला म्हणते, तुम्ही तुमच्या घराचं सांगितलंत, जमिनीचं सांगितलंत, आईच्या पाठदुखीचंसुद्धा सांगितलंत. माझं नाव मात्र एकदाही घेतलं नाहीत. – हे मला तोंडपाठ आहे, पोरी! आम्ही दोघं दरवेळी इथे थांबायचो."

"इथे तसं नाहीये."

"नीट बघ."

"बघितलं, मिस्टर ट्रॅन्टर. खरंच नाहीये."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग हळूच म्हणाले, "छापलंय ते छापलंय. मग माझंच डोकं गेलं म्हणायचं." मी त्यांना चहा आणून दिला. दुसरं काय करणार होते?

बाहेर मॉरीनने गाठलं. "मी दारातून ऐकलं. घरीही हल्ली असंच पुस्तकातलं म्हणून काहीबाही सांगतात," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं? मामा गोंधळतात ना? मला एकटीला नाही हो झेपत. पंचवीस तारखेला डॉक्टरांकडे न्यायचंय, मग वृद्धाश्रमाचं बघायचं. घराबाहेरच्या कुणी दोन ओळी लिहून दिल्या तर बरं, असं तिथल्या बाई म्हणाल्या."

मी लिहून दिल्या! ग्रंथालयाच्या कागदावर, सहीनिशी. 'पुस्तकात नसलेली वाक्यं पुस्तकात आहेत असं त्यांना ठामपणे वाटतं.' खोटं काही लिहिलं नाही, असं मनाला चार वेळा सांगितलं.

बुधवार, १९ मार्च

आज एकदाही अडवलं नाही त्यांनी. मी मुद्दाम टिलीचा एक प्रसंग काढला, म्हटलं, काही चुकतंय का?

"तू वाच, पोरी. तुला दिसतंय. माझं काय धरायचं!"

त्यांनी भांडावं असं वाटत होतं. मांडीवर हात ठेवून नुसते बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. निघताना मॉरीन म्हणाली, आश्रमातली खोली बघून आलो, खिडकी बागेकडे आहे. बागेकडे! त्यांना काय करायचीय बाग!

गुरुवार, २० मार्च

ठरवलं. अकरा खंड तर गेले, निदान बारावा तरी एडनाला हवा तसा वाचून दाखवायचा. त्यासाठी त्या खुणा आधी समजायला हव्यात. स्टाफरूममध्ये विचारलं, कुणाला काही पत्ता नाही. स्कॅनिंगमधला डेनिस म्हणाला, उद्या बेरिल येईल, तिला दाखव, तिला जुनं सगळं माहीत असतं. बेरिल ऑटवे म्हणजे कुलसचिवांच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. आता शुक्रवारी हौसेने शेल्फं पुसायला येते.

शुक्रवार, २१ मार्च

आधीपासून क्रमाने लिहिते.

बेरिलने बारावा खंड उघडला आणि मोठ्याने हसली. "अगं, ही लघुलिपी! साहेब बोलायचे आणि आम्ही पोरी भराभर हे लिहायचो. तुम्ही आजकालच्या मुलींनी कधी बघितलीच नसेल."

मला वाटलं, नाकात, हळू, रागाने, असं काही लिहिलेलं असेल. म्हटलं, वाच ना. ती वाचू लागली आणि मी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

पहिल्या पानावर म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली आहे. छापलंय – "जशी प्रभूची इच्छा, बाळ."

बेरिलने समासातलं वाचलं – "प्रभूला मध्ये घालू नकोस. आधी ती खिडकी उघड."

दुसरं पान. तिसरं. जिथे कुणी बोलतं, तिथे समासात दुसरंच बोलणं. अवतरणचिन्हांतलं एकही वाक्य एडनाने तसंच ठेवलेलं नाही. नायक, नोकर, पाद्री – सगळ्यांच्या तोंडी तिने आपले शब्द घातले होते. कथा लेखकाची, वर्णनं लेखकाची. बोलणं सगळं तिचं. छापलेलं बाजूला ठेवून ती नवऱ्याला हेच वाचून दाखवत होती.

म्हणजे त्यांचं डोकं शाबूत आहे. शब्द न् शब्द बरोबर आठवतोय त्यांना. आणि डॉक्टरांकडे जाणाऱ्या कागदावर मी सही केलीय की तो माणूस भ्रमिष्ट आहे.

जुन्या कादंबऱ्यांतलं बोलणं जमवणारे आम्ही! आणि त्यात कुठे जिवंत बोलणं असेल तर ते या समासांत होतं, ते मी रोज एक खंड या हिशोबाने रबराने घासून कचऱ्यात टाकलं. शाबासकी घेतली वर.

बेरिल चाळीस पानं वाचूनच थांबली. डोळे पुसले, नाक शिंकरलं. "काय बाई होती गं ही! बाकीचे खंड कुठायत? आण ना, मला आता सोडवायचं नाही."

मी तिला सांगितलं. तिने पुस्तक हळूच मिटलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

शनिवार, २२ मार्च

त्यांच्या घरी गेले. मॉरीनच्या हातातून तो कागद परत घेऊन फाडला. मग त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं – सही, रबर, अकरा खंड, माझं 'हो'. आणि ती वाक्यं कुणाची, तेही.

पुसल्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. ऐकलं की नाही, कोण जाणे.

"चाळीस वर्षं, पोरी. रोज संध्याकाळी मी म्हणायचो, काय लिहितो गं हा माणूस! आणि ती म्हणायची, हो ना."