डावीकडून दुसरा

३ सप्टेंबर, बुधवार

परवा सकाळी मी जप करत होतो. फोन वाजला. कारखान्यातून हरी. टाकी धुवायची आहे, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठला, असं विचारत होता. माळ मध्येच सोडायची नसते. डोळे न उघडता सांगितलं, "डावीकडून दुसरा." फोन ठेवला. माळ पूर्ण केली.

डावीकडून दुसरा म्हणजे पाणीच. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात मी वीसेक वर्षं मेन्टेनन्स बघतो. प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवण्याच्या, हॉलच्या मधोमध लोखंडी स्टँड आहे. त्यावर ओळीने पाच पाइप. हवा, पाणी, गार पाणी, अ‍ॅसिड, कॉस्टिक. पाचही एकाच काळपट रंगाचे, पण मला तोंडपाठ. स्टँडच्या दोन्ही बाजूंनी जाता येतं, आणि हरी पलीकडे उभा होता. तिकडून डावीकडचा दुसरा म्हणजे अ‍ॅसिड. त्याने तोच उघडला, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. लगेच पाण्याखाली धरला म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

मी बरोबरच सांगितलं होतं. तो उलट्या बाजूला उभा होता. मालकांनाही तेच सांगितलं.

हरीसाठी आज एक माळ जादा केली. मध्ये दोनदा चुकलो.

४ सप्टेंबर, गुरुवार. उपवास.

मालक वासुदेवरावांनी बोलावलं. चार पिढ्यांचे बंगळूरचे. घरी मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड. म्हणाले, दत्ताअण्णा, दसरा झाला की मोठ्या गिऱ्हाइकाचे ऑडिटवाले येणार, त्याआधी सगळ्या पाइपांना रंग आणि नावं पाहिजेत. काम तुमचं. आणि हरी बरा झाला की त्याला पॅकिंगला टाकू. प्लेटिंगला स्वल्प डोकं जागेवर असलेला माणूस पाहिजे.

हरी पॉलिशिंगमधून प्लेटिंगला आला त्याला महिनासुद्धा झाला नाही. पगार वाढला म्हणून सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला होता. पॅकिंगला पगार कमी. पण धोकाही नाही. एका अर्थी त्याचं भलंच आहे. मी मान हलवली.

संकल्प: १) आठवड्यात पाइप पूर्ण. २) हरीच्या घरी जाऊन येणे.

७ सप्टेंबर, रविवार

रात्री ग्रहण. दुपारपासून वेध. अशा दिवशी हरीच्या घरी जाणं बरं नाही.

बायकोने, मथुराने, पुन्हा विषय काढला. आमच्या मागच्या गॅलरीत दोन व्हॉल्व्ह आहेत, एक कावेरीच्या पाण्याचा, एक बोअरचा. दोन्ही सारखे. त्यांच्यावर काहीतरी खूण करा, असं ती घर घेतल्यापासून म्हणते आहे. आजही म्हणाली, अहो, मी नसले की तुम्ही बोअरच्या पाण्यात डाळ शिजत ठेवता आणि गॅसला शिव्या देता. मी तिला सांगितलं, कारखान्याचं एवढं मोठं काम अंगावर असताना दोन नळांचं काय घेऊन बसलीस.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष. नवं काम सुरू करायचं नाही. तेव्हा विचार करून ठेवतो.

क्वालिटीला मेघाश्री नावाची मुलगी नवीन आली आहे. तिने रंगांचा तक्ता छापून दिला. पाणी समुद्री हिरवं, हवा आकाशी, अ‍ॅसिड जांभळं, कॉस्टिक धुरकट. म्हणाली, सर, तयार स्टिकर मिळतात, बाण असतो, नाव असतं, दोन्ही बाजूंनी गुंडाळतात, एका दुपारचं काम. मी हसलो. वीस वर्षांच्या अनुभवाला स्टिकर?

पण तक्ता पाहून अस्वस्थ झालो. अ‍ॅसिड जांभळं कसं? जांभळाच्या सरबतासारखं दिसेल, माणूस उलट जवळ जाईल. आणि समुद्र हिरवा कुठे असतो? मी एकदाच पाहिला, गोकर्णला. मातकट होता.

आज मेट्रोत यशवंतपूरला उतरायचं विसरलो. दोन स्टेशनं पुढे गेलो. परत येताना पुन्हा विसरलो.

१७ सप्टेंबर, बुधवार

चिकपेटच्या बाजारात गेलो. पितृपक्षात खरेदी नको, फक्त चौकशी. दुकानदाराने सहा हिरवे दाखवले. तक्ता ऑफिसात राहिला होता. शेजारच्या दुकानात मला वाटतो तसा हिरवा ब्लाउजपीस दिसला, तो नमुना म्हणून घेतला. ही खरेदी नव्हे, नमुना.

मथुराने तो शिवायला टाकला.

हरीचं घर चिकपेटहून जवळ आहे. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. हातात नुसता ब्लाउजपीस. रिकाम्या हाताने आजाऱ्याकडे जाऊ नये. परतलो.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

शुभारंभ. पेंटर हयवदनला घेऊन पहिला पाइप रंगवला. हवेचा, आकाशी. फार छान दिसतो. अर्धा तास बघत उभा राहिलो. हयवदन म्हणाला, अण्णा, बघून वाळत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

पाचही पाइप पूर्ण. नावं मी स्वतः ब्रशने घातली, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. गावच्या शाळेत गुरुजींनी गिरवून घेतलेलं वळण अजून हातात आहे. नावं पंपाच्या, म्हणजे माझ्या नेहमीच्या बाजूनेच लिहिली. मेघाश्रीने विचारलं, पलीकडून येणाऱ्याने काय वाचायचं? मी तिला समजावलं, उभं राहायची बाजू हीच. तिकडे उभं राहायची सवयच का लावायची?

हरी कामावर आला. पॅकिंगला. हाताला पट्टी. खोक्यांना टेप लावताना डाव्या हाताने धरतो आणि दाताने तोडतो. मला बघून उठला. मी घाईत होतो.

संकल्प क्रमांक दोन रद्द. तोच आला, आता घरी कशाला जायचं?

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा.

लिहायला हात उचलत नाही.

आयुधपूजेला आमच्याकडे प्रत्येक यंत्र धुऊन, पुसून, रंगवून नव्यासारखं करतात. काल संध्याकाळी हयवदनने विचारलं, अण्णा, या वर्षी काय काय करायचं? मी पूजेच्या सामानाची यादी करत होतो. मान वर न करता म्हणालो, "दरवर्षीसारखं. सगळं चकाचक."

आज सकाळी कोहळा आणि केळीचे खांब घेऊन हॉलमध्ये शिरलो. सगळीकडे चंदेरी उजेड. देवीचं तेजच उतरलं आहे असं वाटलं. डोळे भरून आले. त्या भरात भस्माचं ताट घेऊन प्रत्येक पाइपावर तीन बोटं ओढली, वर कुंकू लावलं. पाचव्या पाइपाशी लक्षात आलं की हा कॉस्टिक असावा.

सगळे पाइप चंदेरी, नावांसकट. मशिनं चंदेरी. स्टँड चंदेरी. हयवदन म्हणतो, दरवर्षी चंदेरीच तर देतो.

सांगितलं ते त्याने नीट ऐकलं नाही. मी स्पष्ट सांगितलं होतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हयवदन गावाला. डब्यांची झाकणं उघडी राहिली, उरलेल्या रंगावर साय धरली आहे. मेघाश्री म्हणाली, स्टिकर उद्या मागवू का? मी म्हणालो, गरज नाही. ऑडिटवाल्यांना माणूस हवा असतो, स्टिकर नाही. मी तोंडी सांगेन. सगळं पाठ आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

ऑडिट झालं.

दोघे जण आले. वासुदेवराव, मेघाश्री आणि मी सोबत. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, या तीन पांढऱ्या पट्ट्यांचा अर्थ काय? मी म्हणालो, संरक्षण. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग ते टाक्या बघत पलीकडे गेले. मी त्यांच्या मागून. तिथे उभे राहून म्हणाले, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठला, उघडून दाखवा. एवढंच ना? मी पुढे झालो. मनात म्हटलं, डावीकडून दुसरा. हात घातला. फिरवणार, तेवढ्यात मनगटावर कुणाचा तरी हात पडला. पट्टी बांधलेला.

हरी रिकामी खोकी न्यायला आला होता.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "उलट्या बाजूला उभे आहात."

साहेबांचे बूट माझ्या शेजारीच होते. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी जोडलेली नव्हती; फिरवला असता तर अ‍ॅसिड सरळ पायांवर. बाकीचं लिहीत नाही. ऑडिटवाल्यांनी महिन्याची मुदत दिली.

हरीने हात लगेच सोडला नाही. मी व्हॉल्व्हवरून बोटं काढेपर्यंत धरून ठेवला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जप झाला नाही. दुसऱ्या मण्याच्या पुढे जात नव्हतो.

वासुदेवरावांच्या केबिनमध्ये गेलो. दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा शिरलो. सांगितलं, हरीची चूक नव्हती. त्याने विचारलं होतं. तू कुठल्या बाजूला उभा आहेस, हे मी विचारलं नाही. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

ते म्हणाले, "हे स्वल्प आधी सांगायचं होतं, दत्ताअण्णा." हरी सोमवारपासून प्लेटिंगला. पाइपांचं काम मेघाश्रीकडे. मी शिडी धरायची.

बाहेर येऊन हरीलाही तेच सांगितलं. तो खोक्याला टेप लावत होता. टेपचं टोक मी धरलं. कन्नडमध्ये म्हणाला, "सरी, अण्णा." म्हणजे बरं. एवढंच. टेप मात्र दाताने तोडावी लागली नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्टिकर लागले. दोन्ही बाजूंनी. एका दुपारचं काम. शिडी मी व्यवस्थित धरली. मेघाश्री दोनदा तसं म्हणाली.

अ‍ॅसिडचा जांभळा रंग सरबतासारखा दिसत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दोन स्टिकर उरले होते, मेघाश्रीने दिले. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गुरुजींच्या वळणाने लिहिलं, कावेरी. बोअर. डिंकाची बाटली घेऊन मागच्या गॅलरीत गेलो. दोन्ही व्हॉल्व्हसमोर बराच वेळ उभा राहिलो. मला पाठ आहे असं वाटत होतं.

मथुरा नवा हिरवा ब्लाउज घालून देवळात निघाली होती. तिला थांबवलं.

आधी विचारलं. मग चिकटवलं.