भोंग्यातला माझा आवाज

मंगळवार, संध्याकाळ. नाशिक

नाटकं केली, सिनेमात बाप-काके केले, पण घर चाललं ते आवाजावर. आज कॉलेज रोडला जाहिरातीची रिक्षा गेली. भोंग्यातून मीच फ्लॅट विकत होतो! ती जाहिरात मी केलेलीच नाही.

ही म्हणाली, "अहो, विसरला असाल."

विसरेन कसा? त्या आवाजाने मध्ये एकदाही श्वास घेतला नाही. मला श्वासाशिवाय एवढं बोलताच येत नाही; ते यंत्रालाच जमतं.

स्टुडिओवाल्या नितीनने गेल्या महिन्यात माझ्याकडून पानंच्या पानं वाचून घेतली होती, 'नुसती टेस्ट' म्हणून. त्याला फोन करून इतकंच विचारलं, "फ्लॅटची ती जाहिरात कुणी केली रे?"

"काका, तो तुमचा आवाज नाहीये," तो लगेच म्हणाला.

माझा आहे असं मी म्हटलं होतं कुठे? मी फोन ठेवला. त्याच्याशी बोलायचीच आता भीती वाटते; बोलेन तेवढा माझा आवाज त्याच्या यंत्राला आणखी मिळेल.