नऊ मिलिमीटर

६ जानेवारी, सोमवार

सांगलीत रुजू झालो. आमचं सोनोग्राफी सेंटर हळदीच्या पेठेमागे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पांढरा ॲप्रन पिवळा होतो. मशीन मात्र नवंकोरं! सेंटरच्या मदतनीस रंगुबाई मावशी जेलची बाटली गरम पाण्यात ठेवतात, म्हणजे बायका दचकत नाहीत. मंगळसूत्र काढायला कुणी तयार नसतं, ते त्या हळूच पाठीवर सरकवतात. थायरॉईडची गाठ काळी, रुंदीपेक्षा उभी, आत पांढरे कण असले की मी कॅन्सरच्या संशयाचे गुण देत जातो. सात किंवा जास्त गुण आणि आकार एक सेंटिमीटर किंवा मोठा, तर सुई घालून तपासणी. त्याहून लहान असेल तर वर्षाने या. एवढंसं पिल्लू वर्षभरात कुठे पळून जात नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज अर्धा दिवस. दीडची सातारा गाडी धरायची होती आणि एक वाजता अनसूया नावाची पेशंट आली. वय चौतीस, बरोबर सासू बनुबाई आणि गावाकडची सहा माणसं. गाठीला दहा गुण, आकार अकरा मिलिमीटर. अकरा म्हणजे सुई लिहा, सहाजणांना समजवा, रडारड ऐका. मी पडद्यावरच्या मापाच्या खुणा दोन्हीकडून जराशा आत घेतल्या. नऊ. वर्षाने या म्हणालो. बनुबाई पायाच पडल्या. "देवमाणूस हाईसा तुमी." गाडीत खिडकीची जागा मिळाली.

२० जानेवारी

गंमत आहे. आठवड्याभरात गाठी सापडल्या तेवढ्या सगळ्या नऊच्या. हात छान बसलाय म्हणायचा. रोज वेळेवर जेवतो.

३ फेब्रुवारी

तरी शंका नको म्हणून मशीनच्या कंपनीचा माणूस बोलावला. मशीन ठणठणीत. चाचणी म्हणून त्याने माझ्याच गळ्याला प्रोब लावला. उजवीकडे गाठ. काळी, उभी, मीठ भुरभुरल्यासारखे कण. गुण दहा, आकार नऊ. मी हसलो. नियम मीच लोकांना सांगतो. वर्षाने बघू.

२६ फेब्रुवारी

शर्टाचं वरचं बटण लागत नाही. घास अडकतो. रंगुबाईंनी विचारलं, गळा का सुजलाय. मशीनवर नऊ. कातडीवर फूटपट्टी धरली, चार सेंटिमीटर. पुन्हा मशीन लावलं. नऊ.

८ मार्च, शनिवार

साताऱ्याला डॉ. चिंतामण यांच्याकडे गेलो. हे काम मला त्यांनीच शिकवलं. सुई घाला म्हणून अक्षरशः हात जोडले. ते शांतपणे म्हणाले, नऊ आहे, अवधूत, नियम तुला माहीत आहे, वर्षाने ये. बोलताना त्यांची नजर घड्याळावर होती. गाठ उशीच्या कडेला लागते, उजव्या कुशीवर झोपता येत नाही. मला भीती वाटते.

१४ मार्च

अनसूयाचं माप खरं केलं तर माझंही खरं होईल — एवढाच मार्ग उरलाय. रजिस्टरमधून तिचा नंबर काढला. सांगणार होतो, अकरा होते, उद्याच या. फोन बनुबाईंनी उचलला. माझ्या गळ्यातून आवाजच फुटेना, नुसती शीळ. त्या म्हणाल्या, "कोन हाय? आमच्या सुनंच्या नरड्यातनं बी असाच आवाज येतोय बगा. पर डाक्टर म्हणल्यात, वर्षानं या. लय देवमाणूस हाय त्यो." आणि ठेवला.

१७ मार्च

तिला चिठ्ठी लिहायला बसलो. गाठ नऊ — खोडलं. नऊ — खोडलं. हात गाठीचा दुसरा आकडा काढत नाही. इथे, या वहीतही नाही. नऊ. नऊ.

१९ मार्च

पाणी उतरत नाही. रंगुबाईंना खुणेने बसवलं, हातात पेन दिलं, तुम्ही लिहा — रजिस्टरमधल्या अनसूयाच्या नावावर बोट ठेवलं. मग दोन्ही पंजे उघडले. वर आणखी एक बोट. त्यांनी नीट मोजली. लिहिलं नऊ.

मान हलवली. पुन्हा पंजे. पुन्हा एक.

नऊच हाईत की साहेब, म्हणाल्या, आणि माझ्या हातांकडे बघून मागे सरकल्या —

मोजतोय. डावा, पाच. उजवा — सहा, सात, आठ, न