काचेमागच्या फोटोची निरवानिरव

मी, फोटो स्टुडिओची मालकीण, दिवंगत फोटोग्राफरांची पत्नी, वय सत्तरीच्या पुढे, राहणार दुकानाच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. आपण कोणाच्याही दडपणाखाली नाही, असे अशा कागदात लिहायची पद्धत आहे. मला ते खोटे लिहिता येत नाही. दडपण आहे. समोरच्या फुटपाथवर सध्या एक जण स्कूटरवर बसून असतो, आणि मी शटर वर केले की तो फोन कानाला लावतो. तरीही काय कोणाला द्यायचे ते मी माझ्याच मनाने ठरवले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायची घाई नव्हती.

१. दुकान, डार्करूम आणि माडीवरच्या दोन्ही खोल्या माझ्या पश्चात माझ्या नातीला मिळाव्यात. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, नाही. तो हे वाचून रुसेल. कारण सांगते, पण आधी फोटोविषयी सांगितल्याशिवाय ते कळायचे नाही.

२. दुकानाच्या दर्शनी काचेमागे जो मोठा काळा-पांढरा फोटो आहे, त्यात स्टुलावर बसून बाळाला पाजणारी बाई मी आहे. हे स्पष्ट लिहिते, कारण हल्ली लोक माझ्या तोंडावर त्या बाईबद्दल वाटेल ते बोलतात आणि मग मलाच विचारतात, "कोण होती हो ती?" फोटोत माझा ब्लाउज एका बाजूने उघडा आहे आणि बाळाची मूठ माझ्या गळ्यापाशी आहे. छाती दिसते का? दिसते, बाळाच्या डोक्यामागे उरते तेवढी. समोरच्या इमारतीवर साबणाच्या जाहिरातीतली बाई आहे, चार मजले उंच, फेसाखेरीज अंगावर चिंधी नाही. हा फोटो उतरवा म्हणणाऱ्या सभ्यता समितीची सभा तिच्याच सावलीत भरते.

फोटोतले बाळ माझे नाही. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याचे आहे. त्याची बायको बाळंतपणानंतर तापाने फणफणली होती आणि तिला दूध उतरत नव्हते. बाटलीचे त्या पोराला पचेना. पोर हातचे जाणार असे सगळ्यांनी धरून चालले होते. निदान एक फोटो तरी मागे राहावा म्हणून शिंपी त्याला कापडात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला. आमच्या दुकानाचा एक नियम होता आणि आजही आहे: उपाशी बाळाचा फोटो काढायचा नाही. आधी पोट, मग फोटो. त्यासाठी खिडकीशी एक खुर्ची ठेवलेली असते, आयांनी तिथे बसून निवांत पाजावे म्हणून. ह्यांनी त्या पोराकडे पाहिले आणि कॅमेऱ्याला हात न लावता मला म्हणाले, "याला आधी घे." माझा मुलगा तेव्हा अंगावरच पीत होता, माडीवर झोपला होता. मी शिंप्याचे पोर घेतले. खुर्चीपर्यंत जायचेही सुचले नाही, कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावरच बसले. आधी त्याला ओढायचीही ताकद नव्हती. मग त्याने ओढले. शिंपी भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला, आणि ह्यांनी तेव्हा बटण दाबले. मरणाआधीचा शेवटचा म्हणून काढून घ्यायचा होता तो फोटो हा.

पुढे त्याची आई बरी होईपर्यंत आणि त्यानंतरही बरेच दिवस मी दोघांना पाजले, एकाला या बाजूला, दुसऱ्याला त्या बाजूला. काडीसारखे आलेले पोर असे बाळसे धरू लागले की सगळी गल्ली त्याला ढब्बू म्हणू लागली. शाळेत असताना तो मित्रांना काचेपुढे उभे करून सांगायचा, "हा मी." लोक पत्ता सांगताना म्हणत, "पाजणाऱ्या बाईवरून पुढे गेलात की डावीकडे." कोणाची अब्रू त्यात गेल्याचे ऐकिवात नव्हते.

तो ढब्बू आज सभ्यता समितीचा अध्यक्ष आहे.

३. हे सुरू कसे झाले तेही लिहिते, म्हणजे उद्या नातीवर खापर फोडायला नको. तिने कौतुकाने या फोटोचा फोटो फोनवर सगळ्यांना दिसेल असा लावला. थोड्याच वेळात तो गायब झाला आणि तिथे एक ओळ आली की नग्नतेच्या कारणावरून काढून टाकला आहे. कोणा माणसाने पाहून ठरवले की यंत्राने, देव जाणे. ती ओळ समितीच्या कोणीतरी छापून घेतली आणि मग ढब्बू आला.

"काकू, तुम्ही तो फोटो उतरवा."

लहानपणापासून तो मला 'तू' म्हणत आला. हे 'तुम्ही' पहिलेच.

"त्यात नागडं कोण आहे रे? तू होतास तेवढा."

"चेष्टा नको, काकू. त्या फोनवाल्या कंपनीनेच नग्न म्हटलंय, आता मी काय बोलू? मी आयाबहिणींच्या अब्रूवर भाषण करतो आणि लोक या काचेकडे बघून हसतात. निवडणूक तोंडावर आलीये."

"मग सांग की त्यांना, हे दूध प्यालो म्हणून भाषणाला उभा आहे."

निघताना म्हणाला, "समितीच्या पोरांना मी किती दिवस आवरू?" हे तो मला जपण्यासाठी म्हणाला की भिववण्यासाठी, हे मला अजून उमगलेले नाही. झोप मात्र तेव्हापासून उडाली आहे.

४. आता मुलाविषयी. तो आणि ढब्बू दूधभाऊ, एकमेकांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी बाजारात गेले असताना मुलाने फोटोच्या मधोमध खाकी कागद चिकटवला. मला म्हणाला, "आई, अगं मधलंच झाकलंय. तुझा चेहरा दिसतोय ना? साप मरेल नि काठीही मोडणार नाही." जन्म फोटोच्या दुकानात गेला आणि त्याला एवढे कळू नये! इतकी वर्षे लोक त्या फोटोसमोरून भाजी घेऊन जात, पाऊस आला तर त्याच्या आडोशाला उभे राहत. कागद लागला आणि माणसे थांबू लागली. टोळक्याने थांबत, आपापसात कुजबुजत. शाळकरी मुले काचेवर नख घासून पाहत, आतला कागद निघतो का म्हणून. काही नव्हते तिथे माझ्या मुलाने काहीतरी आहे असे करून ठेवले. मूल घेऊन येणाऱ्या बाया पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागल्या. एक पहिलटकरीण आत आली, तिने खुर्चीत बसून चारी बाजूंना पाहिले आणि मला विचारले, "मावशी, पडदा आहे का?" इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कोणी विचारले. तिला मी माझी शाल दिली आणि डार्करूममध्ये जाऊन रडले.

मग मी तो कागद खरवडून काढला. त्याच संध्याकाळी काचेवर दगड आला. दगडाला चिठ्ठी गुंडाळलेली होती. तिच्यातला शब्द इथे लिहीत नाही. हा कागद कदाचित कोर्टात मोठ्याने वाचला जाईल.

सबब, फोटोतले डाग झाकायच्या, टचिंगच्या सर्व पेन्सिली आणि उरलेला खाकी कागद मुलाला द्यावा. झाकायची हौस त्याला आहे. माझ्या बँकेतल्या शिलकीतून दुकानाची काच जितक्या वेळा फुटेल तितक्या वेळा नवी बसवावी आणि त्यातून उरेल ते सगळे मुलाचे. म्हणजे काच फुटू नये असे त्यालाही मनापासून वाटेल. माझा त्याच्यावर राग आहे. जीवही आहे. तो भित्रा आहे, पण वाईट नाही, आणि हे त्याला मी तोंडाने सांगायला हवे होते.

५. ह्यांचा मोठा कॅमेरा आणि त्या फोटोची निगेटिव्ह नातीची. निगेटिव्ह मी तिच्याकडे आधीच पोचवली आहे. ती कुठे राहते ते मुद्दाम लिहीत नाही. खिडकीजवळची खुर्ची विकू नये. तिच्याभोवती पडदा एखाद्या आईने मागितला तर लावावा, समितीने मागितला तर नाही.

६. काचेमागचा फोटो उतरवण्याचा हक्क मी एकाच माणसाला देते. फोटोत ज्याचे तोंड आहे त्याला. ढब्बूने दिवसाउजेडी, एकट्याने, तोंडाला रुमाल न बांधता यावे, स्वतःच्या हाताने खिळा काढावा आणि फोटो आपल्या घरी न्यावा. कोणीही त्याला अडवू नये. मी जिवंत असले तर शिडी मीच धरीन. त्याने पोरे पाठवली तर मात्र त्यांना हा हक्क नाही.

७. दुकानाला आग लागली तर विजेच्या तारांना दोष देऊ नये. तारा मी नुकत्याच नव्या घालून घेतल्या आहेत. वायरमनची पावती दाखल्यासोबत टाचली आहे. डार्करूममध्ये मी रात्री दिवा ठेवत नाही, आणि माडीवरची शेगडी निजण्यापूर्वी बंद करते. मी कधीही विसरत नाही.

८. हे कलम आज सकाळी वाढवत आहे. साक्षीला दोन माणसे लागतात म्हणून पुस्तके बांधणाऱ्या शेजारच्या बाइंडरला विचारले होते. इतक्या वर्षांची ओळख, पण तो म्हणाला, "वहिनी, माझं दुकान कागदाचं. लवकर पेटतं." मी त्याला बोल लावला नाही. मृत्युपत्र बिनसाक्षीचेच राहणार असे वाटले.

आज शटर उघडते तो दारात ढब्बूची आई. एकटी, काठी टेकत आली होती. फोटोकडे तिने पाहिले नाही, माझा हात धरला.

"अगं, आज इथे झोपू नकोस."

"का?"

"काल समितीची पोरं बसली होती आमच्याकडे. मी पाणी घेऊन गेले तर सगळी गप्प. बाहेर येऊन दाराशी थांबले. एक जण म्हणाला, 'म्हातारी माडीवर झोपते ना?' दुसरा म्हणाला, 'झोपू दे.'"

"आणि ढब्बू?"

"त्याने अडवलं नाही गं. उठला आणि खिडकी लावून घेतली."

आम्ही दोघी पाजायच्या खुर्चीपाशी उभ्या होतो, बसायचे कोणालाच सुचेना. मी तिला सांगितले की मी कुठेही जाणार नाही. हे घर माझे, फोटो माझा, अंगही माझेच. मला भीती वाटते, खूप वाटते. पण आज गेले तर उद्या त्या खुर्चीत कोणी बसणार नाही. तिने काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग तिने विचारले, "तुझ्या त्या कागदावर अंगठा चालतो का?" तिला रस्ता ओलांडून आलेली बाइंडरने पाहिले होते. तो मागोमाग आला आणि म्हणाला, "वहिनी, पेन द्या. अध्यक्षांची आईच इथे आली, आता मला कसली भीती."

येथे माझे मृत्युपत्र संपले. वाचून पाहिले, खाडाखोड नाही.

स्थळ: दुकानातला काउंटर, शटर पूर्ण उघडे.
दिनांक: आजचा सोमवार, सकाळ.
सही: स्टुडिओची मालकीण, फोटोतली बाई.

साक्षीदार पहिला: शेजारचा बाइंडर. सही माझ्यासमोर झाली. समोरचा स्कूटरवाला आमच्याकडे बघत होता, हेही मी पाहिले.

साक्षीदार दुसरी: शिंप्याची बायको, अध्यक्षांची आई. डाव्या हाताचा अंगठा. लिहिता येत नसल्यामुळे तिने सांगितले तसे बाइंडरने लिहिले: वरचे सगळे खरे आहे. पोर माझे, दूध हिचे. आज रात्री मीपण हिच्याकडे माडीवर झोपायला येणार आहे. आता घरी जाऊन मुलाला तसे सांगणार आहे.